खंड्याछाप सुऱ्या

भिक्षूंचे गुरू शास्ता विहारात असताना उत्तिय नावाचा भिक्षू डोक्याला फडकं बांधून आला आणि रागानं कोपऱ्यात बसला. माधवी उपासिकेनं दान दिलेल्या वस्तऱ्याचं पातं मुंडन करताना तुटलं होतं आणि त्याची टाळू कापली होती. "त्या बाईच्या दारी मी पुन्हा भिक्षेला जाणार नाही," तो म्हणाला. वस्तरे वाटणारा भिक्षू पुष्य शेजारीच मान खाली घालून उभा होता. त्याच दानातला एक वस्तरा आधीही तुटला होता, पण उगाच बोभाटा नको म्हणून तो गप्प राहिला होता. शास्त्यांनी दोघांकडं पाहिलं. "तुमचं हे आजचं नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी मागच्या जन्मातली ही गोष्ट सांगितली.

फार मागे, रोहितनगरावर सुनंद राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका लोहाराच्या घरी जन्मला होता. त्याच्या भट्टीतून निघणाऱ्या प्रत्येक सुरीवर खंड्या पक्ष्याचा छाप असे. माळी, नावाडी, स्वयंपाकिणी सगळेच ती घेत, पण तिच्यावर खरा जीव होता सुरीवेड्यांचा. ही मंडळी रोज पिंपळाच्या पारावर जमत, कमरेच्या सुऱ्या काढून पाती उन्हात धरत आणि तासन्‌तास वाद घालत. कापायला काही असायचंच असं नाही. त्यांचा म्होरक्या कुंजर. त्याच्या घरात आजोबांपासून दुसऱ्या छापाची सुरी आली नव्हती.

सुरी घडवताना पातं लाल तापवून पाण्यात बुडवतात. त्यानं ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून मग ते मंद निखाऱ्यावर शेकावं लागतं. शेकलं की पातं झटका सोसू लागतं. न शेकलेलं पातं दिसायला तसंच असतं, उलट जरा जास्तच लखलखतं. हे शेकण्याचं काम बोधिसत्त्वाची बायको मंदारा पाहत असे, कारण भट्टी घराच्या मागच्या अंगणातच होती.

शरदाचा सण तोंडावर आला आणि नेमकी बोधिसत्त्वाची कंबर धरली. तो आत पडून होता आणि मंदारा गरम वाळूची पुरचुंडी घेऊन त्याची कंबर शेकत होती. दुकानात धाकटा भाऊ सोमिल एकटा. गिऱ्हाइकांची ही झुंबड! त्यानं तिथूनच हाक दिली, "वहिनी, शेकून झालं का?"

"झालं, आत्ताच झालं!" मंदारा आतून म्हणाली.

सोमिलनं अंगणातली पाती उचलली, मुठी बसवल्या आणि जवळजवळ सगळी विकून टाकली.

सण सरला तसा कुंजर दुकानात आला. त्यानं सुरीचे दोन तुकडे फळीवर टाकले. "ऊस सोलत होतो. ऊस! लोखंड नव्हे! सगळ्या पारासमोर मोडली."

"दुसरी देतो की," सोमिल म्हणाला.

"ठेव तुझ्याजवळच. परवा पारावरच्या हरिलाची मोडली, तेव्हा तुला धरताच येत नाही म्हणून मी त्याच्याशी भांडलो. तुमच्यापायी भांडलो! आता कुठल्या तोंडानं पारावर बसू? मी निघालो पलीकडच्या थडीला, मगरछाप घ्यायला. खंड्या आमच्यासाठी मेला." त्यानं डोळे पुसले. सुरीसाठी डोळ्यांत पाणी यावं हे इतरांना हसण्यासारखं वाटेल, पण त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तो तसाच घाटाकडं चालू लागला.

बोधिसत्त्व कंबर धरत बाहेर आला. त्यानं तुकडे निरखले, मग फळीवर उरलेली एक सुरी घेऊन हातोडीनं जराशी ठोकली. टिचली. "ही पाती शेकलीच नाहीत," तो म्हणाला.

"वहिनी झालं म्हणाल्या होत्या!"

मंदारानं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मी यांच्या कंबरेचं म्हणत होते."

एरवी तिघंही पोट धरून हसले असते. पण बोधिसत्त्व सोमिलकडं वळला. "मालुक नावाड्याला यातलीच दिलीस?"

सोमिलनं मान डोलावली. मालुकची नाव दोन्ही काठांवरच्या खुंटांना बांधलेल्या दोराला धरून नदी ओलांडत असे. पुरात वाहून आलेलं झाड दोरात अडकलं, तर एका घावात दोर तोडावा लागे, नाहीतर नाव उलटे. तेवढ्यासाठीच मालुक सुरी घेई. आणि वेत्रा नदीला पूर होता.

"दादा, त्याला गुपचूप बदलून देऊ," सोमिल काकुळतीला आला. "बाकीच्यांना कशाला सांगायचं? ज्याची मोडेल तो येईल. आपणच बोंब मारली तर बापजाद्यांचं नाव बुडेल."

"ज्याची मोडेल तो येईल खरा, पण धड येईल का?" बोधिसत्त्व म्हणाला. त्यानं लोखंडी तवा आणि हातोडी घेतली, पोतं काखेला मारलं आणि तो रस्त्यावर उतरला.

"सणाच्या खंड्याछाप सुऱ्या मोडतात हो! चूक आमची! वापरू नका, परत द्या!" तवा बडवत तो घाटाची वाट चालू लागला. कंबर प्रत्येक पावलाला कळ मारत होती. पारावर हशा पिकला. कुणी सुऱ्या पोत्यात टाकल्या, कुणी शिव्याही दिल्या. तो दोन्ही घेत होता आणि त्याचं सारं लक्ष नदीच्या आवाजाकडं होतं. आपण उशीर केला का? आडवा पडलो होतो तेव्हाच एकदा उठून पाती का पाहिली नाहीत?

घाटावर पोचला तेव्हा नाव मध्यावर होती. नावेत बायामाणसं होती आणि कुंजरही होता. मुळासकट उपटलेलं एक झाड दोरात अडकून नावेला रेटत होतं. नाव एका अंगावर कलली. मालुकनं सुरी उपसून घाव घातला. पातं मुठीपासून तुटून पाण्यात पडलं.

काठावर एकच आकांत झाला. कुणी कुऱ्हाड आणायला धावलं, पण तेवढा वेळ नव्हता. एका गड्यानं पोत्यातली सुरी घेऊन खुंटाजवळच्या दोरावर हाणली. मोडली. दुसरी घेतली, तीही मोडली.

"घाव घालू नका!" बोधिसत्त्व ओरडला. त्यानं एक सुरी काढली आणि तो खुंटाशी गुडघ्यावर बसला. पात्यात झटका सोसायचं बळ नव्हतं, पण धार होती. त्यानं धार दोरावर टेकवली आणि ती अलगद, सरळ ओढली. पुन्हा ओढली. मागून लोक किंचाळत होते, "हाण, अरे हाण ना!" नावेतून लेकरांचं रडणं ऐकू येत होतं. त्याचा हातही घाई मागत होता. त्यानं हाताला घाई करू दिली नाही. दोराचा एकेक पीळ सुटत गेला. शेवटचा पीळ आपणच तुटला, झाड मोकळं होऊन वाहून गेलं आणि नाव दोराच्या दुसऱ्या टोकाच्या आधारानं झुलत पलीकडच्या वाळूला लागली.

बोधिसत्त्व तिथंच बसला. मग ती सुरीही त्यानं पोत्यात टाकली.

पाणी ओसरलं, दोर पुन्हा बांधला गेला, तेव्हा कुंजर दुकानात परतला. पाती शेकायची कशी राहिली ते गावभर झालं होतं, त्याच्याही कानावर आलं होतं. त्याच्या कमरेला काही नव्हतं.

"मगरछाप नाही घेतलीस?" बोधिसत्त्वानं विचारलं.

"हातात घेतली होती. चांगली आहे. तुझ्या या सणाच्या सुरीपेक्षा तर शंभर हिश्शांनी चांगली."

"असेल. आमची वाईटच होती."

"मग त्या दुकानदाराला मी विचारलं, यात खोट निघाली तर तू तवा बडवत येशील का?" कुंजर म्हणाला. "तो हसला. मी सुरी ठेवून आलो." मग त्यानं अंगणातल्या भट्टीकडं पाहत आवाज चढवला, "वहिनी, माझ्यासाठी एक शेका! पात्याचं म्हणतोय, कंबरेचं नव्हे!"

गोष्ट सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, रुसलेला कुंजर तो हा उत्तिय. झाकून ठेवू पाहणारा सोमिल तो पुष्य. भाबडेपणानं 'झालं' म्हणणारी मंदारा ती आपली माधवी उपासिका. आणि तवा बडवणारा लोहार मीच होतो. आपल्या हातून निघालेली खोट दुसऱ्याला जखम होण्याआधी आपणच मोठ्यानं सांगावी. याला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, म्हणतात."

पुष्य उठला. त्या दानातले बाकीचे वस्तरे ज्यांना ज्यांना दिले होते, त्या भिक्षूंच्या दारोदार ते परत मागायला तो निघाला. थोड्या वेळानं उत्तियही डोक्यावरचं फडकं सावरत त्याच्यामागून गेला.