बंद न पडणारा बोर्ड

“पण बंद पडणार नाही असा कोणता, आप्पा? तेवढं एकच सांगा.”

मिहीरने हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि तिसऱ्यांदाही नरहरआप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर सात मदरबोर्डांची नावं होती. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात गुणदोष आणि दोन नावांखाली लाल रेघ.

“बोलायचे नाहीत ते,” आतून सुशीलाक्का म्हणाल्या. “गुरुवार आहे. नैवेद्य होईपर्यंत मौन असतं त्यांचं. तू बस की.”

मिहीर बसला. बसला म्हणजे टेकला. एक पाय सतरंजीवर, एक उंबऱ्याकडे.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर दत्ताचं लहानसं देऊळ आहे. त्याला लागून दोन खोल्या, तिथं आप्पा आणि त्यांच्या पत्नी सुशीलाक्का राहत. तीस वर्षं आप्पांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर सकाळी पूजा आणि मग पोरांचे कॉम्प्युटर, असा नेम धरला. ते काही विकत नसत, कुणा दुकानाची शिफारस करत नसत. म्हणून गावातली गेम खेळणारी पोरं काही घ्यायच्या आधी एकदा त्यांना विचारून जात.

मिहीर तर त्यांचा शिष्यच. प्रोसेसर दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा असतो, हे तो दोन वर्षांपूर्वी याच सतरंजीवर शिकला. त्यानंतर इकडे फिरकला नव्हता. आता त्याला सगळंच येत होतं.

“शंभर व्हिडिओ पाहिलेत मी, आक्का. या दोघांतलाच एक. हा स्वस्त आहे, पण पॉवरचा भाग उघडा, तापणार. हा दुसरा मजबूत, पण बजेटच्या जरा वर जातो.”

“शंभर पाहिलेस?” घेवड्याच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आक्का दारात येऊन बसल्या. “मग या मुक्या माणसाकडं कशाला आलास?”

मिहीर हसला नाही.

“रविवारी मॅच आहे. पुन्हा बंद पडलं तर संपलंच.”

गेल्या महिन्यात ऑनलाइन गेमच्या मॅचमध्ये, शेवटच्या फेरीत मिहीरच्या टीममधले चौघं एकामागून एक बाद झाले. एकटा कॅप्टन उरला, तो मिहीर. समोर दोघं. आणि ऐन वेळी त्याचा स्क्रीन काळा झाला. “मदरबोर्ड गेला,” त्याने चौघांना सांगितलं. पोरांनी मानलं. नुसतं मानलं नाही, तर नव्या बोर्डासाठी एकेकाने आपल्याजवळचे पैसे काढून दिले. मिरजेच्या सरफराजने तर स्वतःला नवा हेडफोन घ्यायचा राहू दिला. त्या पैशांचं पाकीट आता मिहीरच्या शर्टाच्या खिशात होतं. सकाळपासून त्याचा हात सारखा तिथं जात होता.

आप्पांनी उंबऱ्याशी ठेवलेल्या कॅबिनेटकडे बोटाने खूण केली. उघड.

“जुना उघडून काय करायचंय, आप्पा? गेलाय तो. मी नवा बसवायला म्हणून कॅबिनेट आणलंय, स्कूटीवर पायात धरून.”

बोट तसंच राहिलं.

मिहीरने झाकण काढलं. आप्पांनी धूळ फुंकली, चष्मा कपाळावर चढवला आणि बोर्ड अगदी नाक टेकवून पाहिला. एकेक कपॅसिटर. एकेक जोड. मग आपल्या स्क्रीनच्या केबल लावल्या, मशीन चालू केलं, आणि प्रोसेसरला पूर्ण ताकदीने पळवणारी एक जड चाचणी लावून दिली. स्वतः भिंतीला टेकून जपाची माळ हातात घेतली.

पंखा घोंगावू लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत होता. पन्नास… अठ्ठावन्न… सहासष्ट…

“आता पडेल बघा,” मिहीर म्हणाला. “पंधरा मिनिटांत पडतं.”

माळेचे मणी सरकत होते.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. आकडा एकाहत्तरवर येऊन थांबला.

“जरा उकडलं की पडतं.”

“उकडायला काय कमी आहे का?” आक्का म्हणाल्या. “चैत्र लागलाय. पदर पिळून काढावा लागतोय.”

मिहीरला आठवेना की गेल्या महिन्यात आपण नक्की काय काय सांगितलं होतं. आवाज आला म्हणालो होतो का? जळका वास आला म्हणालो होतो? त्याची नजर त्या आकड्यावरून हलेना. एकाहत्तर… एकाहत्तर… बहात्तर. त्याचा श्वास अडकला. पुन्हा एकाहत्तर.

पड. पड ना.

त्याने देवळाच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं आणि मनातल्या मनात दत्तमहाराजांना नारळ बोलला. एकदाच बंद पडू दे. इथं, यांच्यासमोर, एकदाच.

“अरे,” आक्का शेंग मोडता मोडता म्हणाल्या, “मघापासून बघतेय. तू त्याला पडू नको म्हणतोयस, का पड म्हणतोयस?”

…

आक्कांनी सहज विचारलं होतं. त्या सूप उचलून आत गेल्याही. फोडणीचा वास आला. पंखा घोंगावतच होता. आप्पांचे डोळे मिटलेले होते, आणि तरी मिहीरला वाटत होतं की ते पाहताहेत.

उठून जावं, असं दोनदा मनात आलं. पण कॅबिनेट चालू होतं. चालू कॅबिनेट उचलून जाता येत नाही.

देवळात घंटा झाली. आक्का घेवड्याची भाजी, पोळी आणि शिऱ्याचं ताट झाकून घेऊन गेल्या, त्यांच्यामागून आप्पा गेले. मिहीर एकटाच त्या मशीनसमोर राहिला.

आता कोणी नव्हतं. हात पुढे केला की झालं. “पडलं बघा, तुम्ही गेलात आणि पडलं.”

त्याने हात पुढे केलाही. बोट बटणापासून वीतभर अंतरावर थांबलं. मग त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि दोन्ही गुडघ्यांत दाबून बसला.

आप्पा आले. तीर्थ घेतलेला ओला हात त्यांनी पंच्याला पुसला. सतरंजीवर बसले. सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलले.

“कोणी बंद केलं होतं?”

पंख्याचा आवाज फार मोठा वाटला.

“मी,” मिहीर म्हणाला.

आप्पा थांबले.

“बोट आपोआप गेलं, आप्पा. बटणावर दाबूनच राहिलं. समोर दोघं होते. कानात चौघं ओरडत होते, मिहीर, मिहीर… हरलो असतो तर…”

“तर?”

“तर काय, ते कळेना. म्हणून तर दाबलं.”

आक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात प्रसादाची वाटी होती.

“आणि मघाशी मी देवाला नारळ बोललो,” मिहीर म्हणाला. आता अडवून धरायला त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. “हे बंद पडावं म्हणून.”

“बोललायस तर फोड,” आक्का वाटी त्याच्यापुढे ठेवत म्हणाल्या. “ऐकलं नाही देवानं, तेवढ्यासाठी तरी फोड. खा आधी. तोंड किती सुकलंय बघ.”

वाटी तशीच राहिली. मिहीरने कागद पुन्हा उलगडला.

“नवा घेतला तर, आप्पा? घेतलाच तर कोणता?”

“कोणताही घे. सातही चांगले आहेत. एकही बंद पडणार नाही.”

हेच ऐकायला मिहीर आला होता, आणि हेच ऐकून त्याला दरदरून घाम फुटला.

“हा जुना?”

“हाही नाही पडणार. नवा प्रोसेसर घेशील तर यावरच बसेल.” आप्पांनी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. “तुला हवा तसला बोर्ड कोणी बनवत नाही, मिहीर.”

मिहीरने पाकीट काढलं, मांडीवर ठेवलं.

“हे परत द्यायचं तर सांगावं लागेल. काय सांगू?”

“आज मौन माझं होतं,” आप्पा म्हणाले. “तुझं नव्हतं.”

मिहीर फोन घेऊन घाटाच्या पहिल्या पायरीवर गेला. नंबर लावायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला.

“सरफराज… ऐक ना. बोर्ड गेला नव्हता. मीच बंद केलं होतं.”

“काय?”

“बटण दाबलं मी. घाबरलो.”

पलीकडे काहीच ऐकू येईना. खाली पाण्यात कोणीतरी कपडे आपटत होतं. मिहीरने मोजलं, आठ वेळा आपटले.

“आणि मी महिनाभर फाटका हेडफोन लावून बसलोय,” सरफराज म्हणाला. “चिकटपट्टी लावून! कान सोललाय माझा!”

“पाकीट आहे तसंच आहे. आज आणून देतो.”

“देशीलच. न देऊन जातोस कुठं?” मग तो म्हणाला, “बाकीच्यांना तू सांग. मी नाही सांगणार. आणि कॅप्टन मी.”

“हो.”

“हो काय, हो? जरा भांड तरी, म्हणजे मला बरं वाटेल.” सरफराजचा आवाज जरा उतरला. “रविवारी आठला आहे. साडेसातलाच ये लेका ऑनलाइन.”

मिहीर परत आला तेव्हा मशीन बंद केलेलं होतं आणि झाकण अजून उघडंच होतं. आप्पा मांडी घालून आत वाकले होते.

“घेणार आहेत मला,” मिहीर म्हणाला. मग हळूच, “आप्पा, मला अजून भीती वाटतेय. आधीपेक्षा जास्त.”

आप्पांनी मान डोलावली, पाऊस आहे म्हटल्यावर डोलवावी तशी. चिमट्याने त्यांनी बोर्डाच्या कडेची दोन बारीक तारांची एक जोडी उपसली. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून आलेली. गुंडाळी करून ती बाजूला बांधून टाकली. मग स्क्रू-ड्रायव्हर मिहीरच्या हातात दिला आणि तारा निघाल्या त्या जागच्या दोन खिळ्यांसारख्या पिना दाखवल्या.

“दोन्हींना एकदम टोक लाव.”

“जळेल.”

“नाही जळत. मुंगी चावेल इतकंही नाही त्यात.”

मिहीर वाकला. टोक एकदा घसरलं. दुसऱ्यांदा लागलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीन उजळला.

“चालू असंच करायचं,” आप्पा म्हणाले.

मिहीरने कॅबिनेटचं पुढचं बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं. मशीन चालतच राहिलं. भिंतीवरचं बटण होतंच, पण घरी ते पलंगापलीकडे होतं. तिथवर जायचं तर खुर्चीतून उठावं लागलं असतं, आणि उठणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते कळतं.

त्याने त्या मेलेल्या बटणावरून बोट काढलं. कपाळावर घामाचे थेंब होते.

“ही वायर पुन्हा कधी लावायची, आप्पा?”

आप्पांनी झाकण सरकवलं, एक स्क्रू घट्ट केला, दुसरा केला.

“हरलास की ये. लावून देतो.”