लख्ख पैसा

तांब्याचे पैसे चालत होते, तेव्हाची गोष्ट. यमुनाबाई फुलवालीच्या डब्यातल्या एका पैशावर सालाचे आकडे चुकून दोनदा उमटले होते. बाकीचे पैसे त्याला 'बिघडलेला' म्हणून हिणवायचे.

एकदा नाणी जमवणारे दाभाडे मास्तर तो पैसा पाहून थबकले. "बाई, असा लाखात एक सापडतो! उद्या शंभर रुपये आणतो, जपून ठेवा."

हरखलेल्या बाईंनी देवाच्या भांड्यांसारखा तो चिंचेने आणि विटेच्या भुकटीने खसखसून घासला. "माझे आकडे पुसले जाताहेत!" पैसा ओरडत राहिला, पण बाईंना काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तो निरखला. "घासलात?" एवढंच म्हणून परत दिला.

पैसा डब्यात पडला. या वेळी कुणीच हिणवलं नाही. बाजूला सरकत एक जण म्हणाला, "ये, नवीन दिसतोस."