भिवराईची तिसरी चूक

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, असं विचारलं की आडमाचीतली म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात आणि जो आधी बोलेल त्याचं खरं धरतात. तर तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या या माचीवर बावीस घरं होती, आणि बावीसही सारखी. कारवीच्या भिंती, गवताचं छप्पर, दारात एक पायरी. आडमाचीतलं आपलं घर ओळखायला जन्म तिथंच घ्यावा लागे, असं म्हणतात.

अशा गावात भिवरा लग्न होऊन आली. तिचं माहेर खाली, नदीकाठच्या सपाट मुलखात. तिथं कोसावरून घर दिसायचं. इथं काहीच दिसेना, कारण नव्या सुनेनं वर्षभर पदर हनुवटीपर्यंत ओढायचा असा रिवाज होता. दिसायचं काय, तर स्वतःची पावलं आणि वाटेवरचं शेण.

डोळे झाकलेले, म्हणून ती कानांनी बघू लागली. पाण्याहून येताना उजवीकडे सात-आठ जण एकदम भांडायला लागले, की ते पाटलांच्या दारचे सातभाई पक्षी. बांबूच्या बेटातून रिकाम्या घागरीत फुंकल्यासारखं 'हूप हूप' आलं, की तो कुंभारकोंबडा, म्हणजे भारद्वाज. तिथून डावीकडे वळायचं. कड्याच्या बाजूला कस्तूर पक्षी शीळ घालायचा, अर्ध्यात चाल विसरल्यासारखी. तिकडे पाऊल टाकायचं नाही, पुढं जमीनच नाही. आणि अंगणातल्या लिंबावर शिंपी 'टुविट टुविट' करत असला, की ते आपलं घर. मुठीत मावेल एवढा पक्षी, पण आवाज सासूसारखा, थांबायचं नाव नाही.

महिनाभर नीट चाललं. मग शिंप्याची पिल्लं उडाली आणि त्यानं बिऱ्हाड हलवलं. भिवराला हे कोण सांगणार? ती हंडा घेऊन आली, टुविट ऐकून आत शिरली, काठवट ओढली आणि नाचणीच्या भाकरी थापू लागली. ते घर ठमाबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं होतं. ठमाबाई कोपऱ्यात बसून बघत राहिली. दोन भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाली, "कुणाची गं तू?"

भिवराचा हात पिठातच राहिला. "अगं बाई! आधी नाही का विचारायचं?"

"म्हटलं भाकर होऊ दे, मग विचारते."

गाव पोट धरून हसलं. भिवराची सासू धुरपाबाई तेवढी हसली नाही. दुसऱ्या खेपेला शिंप्याच्या आवाजामागं जाऊन भिवरा पाटलांचं आख्खं घर सारवून आली, तेव्हा धुरपाबाईनं तिला अंगणातच उभं केलं. "माझ्या घरचे पोपडे निघालेत आणि ही गाव सारवतीय! ऐक गं, तिसऱ्यांदा चुकलीस तर घाट उतरून माहेरी पोचती करीन. तिथली घरं ओळखू येतात ना तुला? मग राहा तिथंच."

परत पाठवलेल्या सुनेला तेव्हा ना हे घर होतं, ना ते. भिवरा त्या दिवसापासून कुंपणाला हात लावल्याशिवाय चालेना.

मग श्रावणात धुकं उतरलं. ते सात दिवस होतं, असं म्हणतात. माझ्या जाऊबाई तीन म्हणतात, आणि चुलतसासरे म्हणतात, छे, दुपारपर्यंतच. पण होतं असं, की कुत्री आपल्याच शेपटीवर भुंकली. सगळं गाव पहिल्यांदाच पदराखाली आलं. ज्याला जिथं गाठलं, तो तिथंच खाली बसला.

धुरपाबाई गाय शोधायला कड्याकडे गेली होती. तिची हाक येत होती, "कोंडिबा! अरे कोंडिबा!" कोंडिबा म्हणजे तिचा मुलगा, भिवराचा नवरा. तो अंगणातूनच ओ देत होता, कारण दोनदा निघून तो दोन्ही वेळा गोठ्यातच पोचला होता.

भिवरा उंबऱ्यात उभी राहिली. गेली आणि येताना घर चुकलं, तर माहेर. नाही गेली, तर सासू कड्याखाली. तिनं पदर ओढला, नेहमीसारखा, आणि निघाली.

घागर फुंकल्यासारखा आवाज मागं पडला. शीळ जवळ आली. ती पायाच्या बोटांनी जमीन चाचपत थांबली.

"आत्याबाई, हलू नका!"

"कोण गं?"

"मी, भिवरा."

"तू? अगं बाई, म्हणजे दोघी मेलो!"

पण तिनं सुनेचा हात काही सोडला नाही. येताना वाटेत बसलेली माणसं एकेक करून मागं लागली, ज्याच्या हाती पुढच्याचं जे लागेल ते धरून. त्या वेळी माचीवरचं एकही पाखरू गप्प राहिलं नाही, असं म्हणतात. शिंपी तर भिवराच्या डोक्यावर बसून पुढचं दार पुकारत होता, असंही म्हणतात. दार आलं की ती एकाला आत सोडायची. शेवटी टुविट ऐकून दोघी आपल्या पायरीवर चढल्या. धुरपाबाई चुलीपाशी टेकली. "पाणी दे गं."

भिवरानं मडक्याकडे हात नेला. तिथं उखळ होतं.

तिसरी चूक. ती तशीच उभी राहिली. धुरपाबाईनं भिंत बघितली, फळी बघितली, कुणाची तरी घोंगडी बघितली. मग सुनेकडे बघितलं.

"भाकर होऊ दे," ती म्हणाली. "मग बोलू."

त्यावर ती पुढं कधीच बोलली नाही. धुकं उठलं तेव्हा गावातलं एकही माणूस आपल्या घरात नव्हतं. नंतर सगळे आपापल्या घरी गेले, असं म्हणतात. काहीजण अजून गेलेले नाहीत, असंही म्हणतात, आणि मग दोन घरांची भांडणं लागतात.

भिवराची भिवराई झाली. खूप म्हातारी होऊन एका धुक्यात ती बाहेर पडली आणि परतली नाही. कुणी रडलं नाही. "शिरली असेल कुठल्या तरी घरात. भाकर झाली की येईल."

म्हणून आडमाचीत नव्या सुनेला आधी अंगणातलं पाखरू दाखवतात, मग सासू. आणि श्रावणात धुकं उतरलं की बावीसही दारं उघडी ठेवतात, काठवटीत एक उंडा मळून ठेवतात आणि सगळे देवळात जाऊन बसतात. परत येऊन बघावं, तर कुठल्या तरी एका घरात त्या उंड्याची भाकर झालेली असते. भिवराई येऊन गेली म्हणायचं आणि ती तुकडा तुकडा गावभर वाटायची.

यंदा ती शेजारच्या सुंदराकाकूंच्या चुलीवर सापडली. एका कडेला करपली होती. भिवराईचं आता वय झालं, असं सगळे म्हणाले. मी माझा तुकडा खाल्ला आणि गप्प बसले. देवळात जायच्या आधी मी पाण्याहून येत होते, आणि शिंपी आमच्याच अंगणात ओरडतोय, असं मला वाटलं होतं.