चाकाखालचा दगड

स्टार्टरपेक्षा उतारावर जास्त भरवसा असायचा, त्या काळापासून एक दगड जुन्या पिकअपच्या सीटमागे राहत होता. गाडी उभी केली की शालनताई तो चाकाखाली लावायच्या.

पुढे भाजीच्या खेपा थांबल्या. आता नवरा-बायको फिरायला निघणार होते. तुळशीरामभाऊंनी गाडीत छोटा फ्रिज, पंखा आणि झगझगीत दिवे बसवून घेतले.

"तुला साधी वायरसुद्धा नाही," फ्रिज दगडाला म्हणाला. "तू कशाला येतोस?"

"सवयीनं," दगड म्हणाला.

घाटात मुक्काम पडला. भाऊंनी जुन्या सवयीने गाडी उतारावर लावली, ताईंनी दगड ठेवला. सकाळी पाहतात तर फ्रिज गप्प, पंखा गप्प, दिवे गप्प. तिघांनी मिळून रात्रीत बॅटरी संपवली होती.

"शालन, काढ दगड!"

पिकअप घरंगळली. गिअर पडताच इंजिन धडधडलं, अगदी पूर्वीसारखं. आरशात ताई दगड छातीशी धरून धावताना दिसल्या.

"अगं, टाक तो! दगड कुठंही मिळेल."

"हा नाही मिळायचा," ताई धापा टाकत म्हणाल्या आणि दगड मांडीवर घेऊन बसल्या.

फ्रिजचा दिवा लागला. तो हळू आवाजात घुरघुरू लागला.