सातवा कौल

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात देवाला कौल लावणारा एक गुरव होता. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर तो भिजवलेल्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार.

गावाला देवळापुढे नवा सभामंडप हवा होता. लाकडासाठी सगळ्यांचा डोळा देवराईतल्या बेहड्याच्या जुन्या झाडावर. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी दार लिंपून पिल्लांसह बसली होती आणि नर फटीतून तिला फळं भरवत होता. पंचक्रोशीत धनेशाची ती एकच जोडी उरली होती. गुरव हे रोज डोळ्यांनी पाहत होता.

त्याने कौल लावला. डावी पाकळी पडली.

"पुन्हा लाव," गावचे मानकरी म्हणाले.

पुन्हा डावी. तिसऱ्यांदाही डावी, आणि पुढच्या तिन्ही वेळा डावीच. देव बिचारा सहा वेळा नाही म्हणाला! पण ज्यांना होच ऐकायचंय, त्यांच्यापुढे देवाचं तरी काय चालणार?

"गुरवा, आता नीट लाव," मानकऱ्यांनी डोळे वटारले. "नाहीतर पूजेला दुसरा माणूस बघू."

सातव्या वेळी गुरवाने उजवी पाकळी कोरडीच ठेवली. ती टपकन पडली आणि ढोल वाजले.

बेहडा कोसळला. ढोली फुटून मादी आणि दोन पिल्लं मेली. नर आठ दिवस चोचीत उंबरं धरून तिथे घिरट्या घालत राहिला, मग तोही दिसेनासा झाला. लाज कुणालाच वाटली नाही. मंडपात गाव पोटभर जेवलं.

धनेश गेल्यावर फळं खाऊन रानभर बिया टाकणारं कुणी उरलं नाही. नवं रोप उगवेना, जुनी झाडं गावाने एकेक करून तोडली, आणि काही वर्षांत गावचा झरा आटला. तेव्हा गाव रिकामे हंडे घेऊन देवळात जमलं.

"देवानंच होकार दिला होता," मानकरी कुरकुरले. "मग आता का कोपला? विचार त्याला!"

गुरवाचा संताप उफाळला. "त्याला कशाला विचारता? तो सहा वेळा नाही म्हणाला. सातवी पाकळी मी पाडली, तुमच्या धाकानं! आणि कुऱ्हाड तुम्ही चालवलीत!"

"मग तेव्हा का रे गप्प बसलास?" एक म्हातारी ओरडली.

गुरवाने मान खाली घातली. धनेश आता कुणाच्याच नवसाने परत येणार नव्हता.

तात्पर्य, आणि ते कडूच आहे: रान माणूस तोडतो, त्याचं खापर देवावर फोडू नये, आणि सगळं दिसत असून गप्प बसतो, तोही त्या पापाचा वाटेकरी.