तिसरीचा टप्पा

त्या राज्यात समुद्र वर होता आणि जमीन खाली. दोहोंच्या मध्ये मातीचा एक लांब बांध होता, आणि त्या बांधावरच सगळ्यांचे जगणे चालले होते. आत गोड पाणी होते, बाहेर खारे. खारे पाणी आत शिरले तर खेकड्यांची लहान पिल्ले तासाभरात उलटी होऊन तरंगतात, हे तिथे कुणाला सांगावे लागत नसे.

काम दोघांत वाटलेले होते. टिटव्या बांधाच्या माथ्यावर फिरत आणि कुठे भोक पडले आहे ते पाहत. खेकडे ते बुजवत. टिटवी ओरडली की खेकडे धावत. बुजवून झाले की ज्याने बुजवले त्याने ओल्या मातीत आपल्या नांगीचा ठसा उमटवायचा, असा रिवाज होता. ठसा उमटवायला मिळणे हा मोठा मान होता. म्हणून जवळची हाक ऐकू आली की सगळेच तिकडे धावत, आणि लांबची हाक वाऱ्यावर विरून जाई.

एका पौर्णिमेच्या उधाणात असेच झाले. तांबी नावाची खेकडीण आणि डावऱ्या नावाचा खेकडा एकाच भोकाशी पोचले. डावऱ्याची डावी नांगी उजवीच्या दुप्पट होती आणि त्याचा तोराही तेवढाच. दोघांनी एकच ढेकूळ धरले. खेकड्याची जात, धरलेले सोडायचे नाही. ढेकूळ फुटले. तेवढ्या वेळात पलीकडच्या टप्प्याला खांड पडली आणि खालचे अर्धे तळे खारट झाले. त्या तळ्यात ज्यांची पिल्ले होती, त्यांनी पुढे कित्येक दिवस कुणाशी बोलणे टाकले.

"तुझ्यामुळे फुटलं," तांबी म्हणाली.

"वैनी, मी धरलं होतं. ओढलं तू," डावऱ्या म्हणाला. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना पाहिले की तिरके न चालता सरळ निघून जात, आणि खेकड्याला सरळ चालायला किती त्रास होतो ते सर्वांना ठाऊक आहे.

मग समुद्रानेच बांबूचा एक जाड कळक आणून टाकला. आतली पेरे कुजून तो आरपार पोकळ झाला होता. थोरल्या टिटवीने त्यातून पलीकडे पाहिले, एक शिंपला टाकून पाहिला, आणि तिची मान ताठ झाली. तो कळक बांधाच्या मधोमध तिरका रोवण्यात आला. वरचे तोंड टिटव्यांचे, खालचे खेकड्यांचे. बांधाच्या दर टप्प्यावर वेगळ्या जातीचे शिंपले रोवले गेले, कुठे कवडी, कुठे तिसरी नावाची लहान शिंपली. जिथे भोक दिसेल तिथला एक शिंपला टिटवीने आणायचा आणि वरून सोडायचा. खाली एका वेळी एकच नांगी आत जाईल एवढीच जागा. जो शिंपला हाती लागेल, त्या टप्प्याला जायचे. ओरडायचे नाही, निवडायचे नाही. आत नांगी असताना वरून काही सोडायचे नाही, नाहीतर नांगी ठेचेल.

पहिल्याच दिवशी सगळे अडले. डावऱ्याने आत नांगी घातली, कळकाची आतली कड पकडली आणि शिंपल्याची वाट पाहत बसला. वर थोरली टिटवी शिंपला चोचीत धरून उभी. कळक हलत होता, म्हणजे आत कुणाची तरी नांगी होती. ती निघेपर्यंत टिटवी शिंपला सोडणार नव्हती. शिंपला येईपर्यंत डावऱ्या नांगी काढणार नव्हता. सूर्य डोक्यावरून पुढे सरकला. दोघेही अगदी नियमाने वागत होते.

शेवटी टिटवीने शिंपला पायाखाली ठेवला आणि वाकून विचारले, "खाली कोण मेलंय का?"

"मी वाट बघतोय!" आतून घुमला आवाज.

"अरे शहाण्या, मी पण! नांगी काढ बाहेर!"

"काढली आणि दुसऱ्याने घातली तर?"

"तर तो जाईल. भोक बुजल्याशी काम!"

हे डावऱ्याला पटायला वेळ लागला, पण नवा नियम त्यातूनच निघाला. वाट पाहायची ती कळकाला पाठ टेकून, नांग्या उघड्या ठेवून, खुशाल डोळे मिटून. शिंपला पडला की कळकातून 'टक्' आवाज पाठीत उमटतो. जो आधी जागा होईल त्याने घ्यावा. दुसऱ्याची नांगी रिकामी आली तर त्याने मुकाट्याने पुन्हा पाठ टेकावी. चारदोन भरत्या अशा गेल्या आणि खेकड्यांना एका गोष्टीचे फार नवल वाटले. धावणे कमी झाले होते, झोप वाढली होती, आणि बांध मात्र कोरडा होता.

मग अमावास्येचे उधाण आले, तेही वाऱ्यासकट. भर दुपारी समुद्र बांधाच्या माथ्याला लागला. टक्! एक गेला. टक्, टक्! दोघे गेले. कळक वाजतच राहिला, नांग्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, खेकडे दोन्ही दिशांना सुटत होते. कुणी कुणाला आडवे येत नव्हते. पाठ टेकायला वेळ नव्हता. म्हातारे खेकडेसुद्धा चिखलावरून घसरत, हसत परत येत होते. एका क्षणी कळक तोंडापर्यंत भरला, तेव्हा वर टिटव्या चोचीत शिंपले धरून ओळीने उभ्या राहिल्या आणि खालचा एक निघताच वरची एक पुढे सरकली.

तांबीच्या नांगीत कवडी आली. कवडीचा टप्पा अगदी उत्तरेच्या टोकाला. ती निघाली. थोडे अंतर गेल्यावर तिने सहज मागे पाहिले आणि तिचे पाय थांबले. डावऱ्या कळकातून नांगी काढत होता आणि तिच्यात तिसरी होती. तिसरीचा टप्पा दक्षिणेला. तिथेच तांबीचे बीळ होते, आणि बिळातल्या डबक्यात तिच्या पोटाखालून कालच उतरलेली पिल्ले होती.

"डावऱ्या!" ती ओरडली. "माझी पोरं आहेत तिथे!"

"ठाऊक आहे!" तो न थांबता ओरडला. "तू तुझं बघ!"

हे त्याने कशा अर्थाने म्हटले ते वाऱ्यात कळले नाही. तांबी उभी राहिली. परत फिरले तर पिल्ले. पण कवडी आता कळकात नव्हती, तिच्या नांगीत होती. उत्तरेच्या टोकाला भोक पडले आहे हे टिटवीने सांगून टाकले होते आणि ती दुसरीकडे गेली होती. बाकीचे खेकडे ते काम कुणीतरी उचलले असे समजून निश्चिंत होते. त्या भोकाकडे जाणारे आता साऱ्या राज्यात तिच्याखेरीज कुणीच नव्हते.

तांबी उत्तरेकडे धावली. इतक्या वेगाने ती आयुष्यात कधी धावली नव्हती.

भोक करवंटीएवढे झाले होते. तिने चिखल लोटला, वाहून गेला. पुन्हा लोटला. शेवाळ, काटक्या, दगड, जे मिळेल ते कोंबले आणि वरून स्वतःच्या पाठीने दाबून धरले. पाण्याची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. बांधाच्या आतल्या अंगाला कुणाच्या तरी बिळातून इवल्या पायांची खरखर ऐकू येत होती. कुणाचे बीळ, तिला ठाऊक नव्हते. ठसा उमटवायचे तिला सुचलेच नाही. ती दक्षिणेकडे सुटली.

तिसरीच्या टप्प्यावर माती उरलेली नव्हती. लाटांनी आजूबाजूची ढेकळेसुद्धा नेली होती. भोकात डावऱ्या बसला होता, समुद्राकडे पाठ करून, आठही पाय मातीत रोवून, बुचासारखा घट्ट. त्याच्या मागे समुद्र आदळत होता आणि दर आदळण्याला तो चिखलात आणखी रुतत होता. आतल्या डबक्यातले पाणी गोड होते. घाबरलेली पिल्ले त्यातून निघून त्याच्यावर चढली होती. पायांवर, तोंडावर, डोळ्यांच्या देठांवरसुद्धा.

"वैनी, यांना उतरायला सांग," तो कुजबुजला. "एक डोळ्यावर बसलंय. मला हलता येत नाही."

तांबी काही बोलणार तेवढ्यात लांबून कळक वाजला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. टक्.

डावऱ्याने एक डोळा कळकाकडे वळवला. दुसऱ्यावर पिल्लू होते.

तांबी वळली आणि धावत सुटली. कळकात नांगी घातली, हाताला लागला तो शिंपला घेतला आणि त्याच्या टप्प्याकडे निघाली. तिच्या मागे बांधात एक खेकडा दगडासारखा बसला होता, आणि त्याच्या प्रचंड डाव्या नांगीच्या दोन पात्यांमध्ये, ती मिटणार नाही अशा खात्रीने, तिचे सगळ्यात धाकटे पिल्लू झोपले होते.