तेल प्यायलेली चकती

झेंडूच्या मळ्यापलीकडे, जिथे पायवाट दमून खाली बसते, तिथे एका इवल्याशा घरात कुमुद आणि तिची आई राहायच्या. आई गावाचे कपडे शिवायची. तिचं काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं जुनं मशीन टकटक चालायचं, म्हणून घरात चूल पेटायची.

पण दसऱ्यापासून मशीन रुसलं. बॉबिन भरायची छोटी चकती मोठ्या चाकाला टेकून फिरायला हवी, तर ती नुसती सटकायची. बॉबिन भरेना, आणि बॉबिनच्या दोऱ्याशिवाय टाका कसला बसतो! आईने आठ दिवस पाय मारून पाहिले. मग म्हणाली, "संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकू."

कुमुद घराबाहेर पळाली. मशीन गेलं तर दोघी खाणार काय?

ती मळ्यात रडत बसली, तर पिवळ्याधमक फुलांतून कुणीतरी कण्हलं. इटुकली परी! बोटाएवढी, अंगावर दवाचे चमचम मणी, आणि एक निळाजांभळा पंख बाभळीच्या काट्याने फाटलेला. कुमुदने डोळे पुसले, परकराच्या काठात खोवलेली सुई काढली आणि बारीक बारीक टाके घालून पंख शिवला.

"दुखतंय का गं, परीताई?"

"नाही गं बाळ. तुझा हात किती हलका!" परी हसली. "आता एक वर माग."

"आमचं मशीन नीट कर!"

"करीन. पण अट आहे. परीने दुरुस्त केलेली वस्तू कशी बिघडली होती, हे कुणालाच आठवत नाही. तुलाही नाही."

मशीन कसं बिघडलं, ते कुमुदला ठाऊक होतं ना! खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. आई पाण्याला गेली होती, तेव्हा कुमुदने मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि मायेने तेलाची अख्खी कुपी ओतली, चकतीच्या रबरी कडीवरसुद्धा. अति तिथे माती! तेव्हापासून चकती सटकत होती, आणि भीतीने कुमुदच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

आता वर मागितला की चूकच पुसली जाणार. कुमुदने बराच वेळ मातीत रेघोट्या ओढल्या.

"पण मग पुढच्या खंडेनवमीला मी पुन्हा तेल ओतीन," ती हळूच म्हणाली. "वर नको, परीताई. तेल कसं काढायचं, तेवढं सांग."

"कडी काढून साबणाने धू, वाळव. चाकही कोरडं पूस," परी म्हणाली.

कुमुद धावत घरी गेली आणि तिने आधी आईला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. दोघींनी कडी धुतली, उन्हात वाळवली, चाक पुसलं. आईने पाय मारला आणि चकती भिर्रर्र फिरली! बॉबिनवर लाल दोरा भराभर चढू लागला.

आईने कुमुदला जवळ ओढलं. "वेडे, मला वाटलं, माझ्याच पायांतलं बळ सरलं. तू बोलली नसतीस, तर मी तेच मनात धरून बसले असते गं!"

मागोमाग उडत येऊन खिडकीत बसलेल्या परीने ते ऐकलं. तिने बॉबिनला अलगद बोट लावलं. तेव्हापासून त्या बॉबिनवरचा दोरा कधीच संपला नाही. कुमुदने वर पाहिलं, तर खिडकीत नुसता सोनसळी उजेड होता.